रोलवरून कार्डावर : स्टुडिओच्या नोंदी, २००७

१७ मे २००७, गुरुवार

आजपासून अधिक ज्येष्ठ. १५ जूनपर्यंत लग्नं नाहीत, म्हणजे दुकानात पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स एवढंच. अक्षय्य तृतीयेपासूनची पळापळ संपली, शेवटचे रोल साताऱ्याला लॅबमध्ये धुवायला गेलेत. हा महिना मुद्दाम मोकळा ठेवलाय. तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन पूर्ण डिजिटलवर काढायचा. तोवर कॅमेरा हातात बसला पाहिजे आणि फोटोशॉप डोक्यात.

वाईत रोलवर काम करणारे आता मोजकेच उरलेत. गिऱ्हाईक तारीख सांगायच्या आधी विचारतं, "डिजिटल आहे ना तुमच्याकडं?" त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. फोटो तिथल्या तिथं बघायला मिळावा आणि अल्बम करिझ्मा असावा, म्हणजे कॉम्प्युटरवर फोटो जुळवून मोठ्या शीटवर छापलेला. धंद्याचं वारंही तसंच आहे. निकॉनने गेल्या वर्षी जानेवारीत बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करतोय असं जाहीर केलं, एफ६ आणि एफएम१० तेवढे ठेवले. कोनिका मिनोल्टा तर कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच उठली. फिल्म उद्या दुकानातून गायब होईल असं मला वाटत नाही, पण लॅबवाले रोल धुवायचं मशीन किती दिवस चालू ठेवतील, हा खरा प्रश्न.

आणलेला माल: निकॉन डी८० बॉडी, १८-१३५ लेन्स, दोन जीबीची कार्डं, रीडर. कॉम्प्युटर जुनाच, त्यात एक जीबी रॅम आणि १६० जीबीची हार्ड डिस्क टाकून घेतली. मॉनिटर १७ इंची काचेचा. डार्करूम आहे तशी राहू दे. कृष्णधवलचं काम तसंही उरलेलं नाही; उटीच्या इंदू पेपरचं अर्धं पाकीट कपाटात पडून आहे.

१९ मे

जुन्या सामानातलं काय चालतं ते बघितलं. मॅन्युअल ५० एमएम बसते, फोटो येतो, पण उजेड मोजणारा मीटर चालत नाही. पंचवीस वर्षं उन्हाचा आणि मांडवाचा अंदाज घेतलाय, तेव्हा ते अडणार नाही. शिवाय एक फोटो मारून मागे बघता येतं. अडचण वेगळीच आहे. सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. २८ ची रुंद लेन्स ४२ ची झाली. लग्नात स्टेजसमोर नवरा-नवरीच्या मागे दोन्हीकडचे वीस पाहुणे उभे राहतात आणि माझ्या पाठीमागे जेवणाची पंगत असते. मागे सरायला जागा कुठली? १८-१३५ नसती तर ग्रुप फोटोच अडले असते.

फ्लॅशचं मात्र तपासूनच घेतलं. नव्या कॅमेऱ्यात सगळी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की हॉट-शूवर, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर, २५० व्होल्टच्या वर दाब येता कामा नये. जुन्या फ्लॅशचे सेल भरून, दिवा लागल्यावर मल्टिमीटर लावला. काटा मर्यादेच्या इतका जवळ गेला की तो फ्लॅश कपाटात टाकला. आता तो फक्त स्लेव्ह म्हणून, दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडानं उडणारा, लांबून वापरायचा, तारेचा संबंध नाही.

२५ मे

ही चाचणी नीट लिहून ठेवतो, पुढे कामाला येणार.

गल्लीत समोरच्या वाड्याच्या दारात दोरीवर पांढरं धोतर वाळत होतं, मागे दिंडी दरवाजाचा काळोख. सकाळी दहाचं ऊन. फिल्म आणि डिजिटल, दोन्हींवर एकच चौकट: मीटर सांगतो तसा, मग एक-एक स्टॉप वर, म्हणजे दर वेळी उजेड दुप्पट, मग खाली, म्हणजे निम्मा. रोल आज लॅबमधून आला.

फिल्मवर दोन स्टॉप जास्त दिलेल्या निगेटिव्हवरूनही धोतराच्या चुण्या दिसतील अशी कॉपी निघालीय. दोन स्टॉप कमी दिलेली मात्र चिखल. काळोख करडा, त्यात दाणे, दरवाज्याची कडी गायब. डिजिटलचं बरोबर उलटं. दीड स्टॉप जास्त झाला की धोतर म्हणजे कोरा कागद, तिथं काही उरतच नाही, कॉम्प्युटरवर कितीही खाली ओढा. कमी दिलेल्या फोटोतून मात्र दरवाजा, कडी, उंबऱ्यावरची रांगोळी सगळं वर काढता आलं. दाणे आले, पण चित्र आलं.

रोलवर आम्ही कायम थोडं जास्तच द्यायचो. १०० चा रोल ८० धरून मारायचा, सावलीत माहिती भरली की बाकीचं लॅब बघेल. इथं ती सवय मोडावी लागणार. उजेडाकडचा पांढरा सांभाळायचा आणि काळोख नंतर उचलायचा. लग्नात हे कुठं कुठं लागेल ते आत्ताच डोळ्यांसमोर येतंय: नवरदेवाचा पांढरा फेटा, भटजींचं उपरणं, अक्षता, जरीचा काठ.

३० मे

शेजारच्या डीटीपीवाल्या पोराकडून धडे सुरू. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स यांवर त्याचं दुकान चालतं. त्याचा हात कीबोर्डवर असा चालतो की मला बघून समजत नाही. बोली अशी ठरली की तो मला शिकवेल आणि मी त्याच्या पत्रिकांसाठी देवादिकांचे फोटो काढून देईन. ढोल्या गणपती आणि मेणवलीचा घाट त्याला पहिल्यांदा पाहिजेत.

पहिल्या संध्याकाळी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, उघडलीच नाही. फोटोशॉप सीएस-२ म्हणतं, ही फाइल ओळखत नाही. कारण सोपं निघालं. सॉफ्टवेअर कॅमेऱ्याआधीचं, त्याला या कॅमेऱ्याची भाषा माहीत नाही. सायबर कॅफेतून कॅमेरा रॉ ३.७ उतरवून आणला, जुन्या प्लग-इनच्या जागी टाकला, उघडली.

मग दुसरीच गंमत. पोरानं फोटो उघडला की पहिलं काम सीएमवायके करतो. छपाईचा माणूस, त्याच्या जगात चार शाया. मी म्हटलं, अरे आपली लॅब शाई वापरत नाही, फोटोचाच कागद आहे, त्यावर लाल-हिरव्या-निळ्या उजेडानं छापतात. लॅबला फोन केला तर तिथला ऑपरेटर म्हणाला, "काका, एसआरजीबी, जेपेग, तीनशे डीपीआय. बाकी काही पाठवू नका." कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी असा पर्याय आहे, कागदावर त्याचा रंगांचा आवाका मोठा वाटतो, पण या लॅबच्या मशीनवर त्याच्या कॉप्या फिक्या येतील. कॅमेऱ्यावरच एसआरजीबी लावून टाकलं. पोराला पटलेलं नाही. त्याचं म्हणणं छपाईपुरतं खरंच आहे, म्हणून वाद घातला नाही.

२ जून

आज फोटोशॉपची भीती गेली.

पोरगं टूलबॉक्स दाखवत होतं. एक काडीला लावलेली गोल चकती, खाली मुठीसारखा वळवलेला हात. तो म्हणाला, "हे मी कधी वापरत नाही, कशाला आहे माहीत नाही." मला मात्र बघताक्षणी कळलं. एन्लार्जरखाली तारेला पुठ्ठ्याची चकती चिकटवून चेहऱ्यावर धरायचो, तेवढा भाग उजळ राहायचा. आणि दोन्ही हातांची पोकळ मूठ करून आभाळावर जास्त उजेड सोडायचो, तेवढं गडद व्हायचं. तीच चकती, तोच हात. फक्त पूर्वी आकडे मोजत हात हलता ठेवावा लागे, नाहीतर कडा उमटे; इथं ब्रश मऊ ठेवायचा आणि जोर दहा टक्क्यांच्या आत.

मग कर्व्ह, म्हणजे उजेड-सावली ठरवणारी रेषा. पोरानं रेषा इकडंतिकडं ओढून फोटो चमकवला. मी त्याला थांबवलं आणि सावकाश ओढून बघितलं. मधून तिरकी उभी केली की हार्ड ग्रेडचा, म्हणजे काळं-पांढरं तोडून दाखवणारा पेपर, आडवी केली की सॉफ्ट. पूर्वी पातळ निगेटिव्हला चार नंबर आणि दाट, कडक निगेटिव्हला दोन नंबर पेपर काढायचो. इथं एकाच फोटोत कितीही ग्रेड तयार. वर-खाली टोकं जागेवर ठेवून मधे किंचित एसचा आकार, एवढं बहुतेक फोटोंना पुरतं.

फोटो धारदार करणाऱ्या अनशार्प मास्कचंही तेच. निगेटिव्हची धूसर पॉझिटिव्ह काढून दोन्ही एकावर एक ठेवायची जुनी करामत, मी वाचलेली, केलेली नाही. ती इथं तीन आकड्यांत मावलीय.

शिकवणारा आणि शिकणारा आज अर्धा तास उलटे बसलो होतो. पोरानं वही काढली.

७ जून

सहा तास लोडशेडिंग. यूपीएस कॉम्प्युटर बंद करण्यापुरता. दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस. बाकी काही नाही.

१४ जून

पहिल्या चाचणी कॉप्या आल्या. सगळ्या काळपट, चेहरे तांबूस. मॉनिटरवर तेच फोटो मस्त होते.

लॅबच्या ऑपरेटरला भेटूनच आलो. त्यानं मशीनसमोर उभं करून दाखवलं. निगेटिव्ह यायची तेव्हा तो प्रत्येक फ्रेमला डेन्सिटी, सायन, मॅजेंटा, पिवळा अशी बटणं दाबून दुरुस्ती करायचा. माझा एक्स्पोजर चुकला तरी कॉपी बरी यायची ती त्याच्यामुळं. फाइल आल्यावर? "तुम्ही करून आणता असं धरून आम्ही सरळ छापतो." म्हणजे इतकी वर्षं अल्बम बघून लोक मला म्हणायचे, काय रंग आलेत, तेव्हा त्यातली निम्मी कमाई या माणसाची होती. आता त्याची खुर्ची माझ्या दुकानात आलीय आणि तिच्यावर मी बसायचंय, रात्री, लाइट असेल तेव्हा.

परत आल्यावर दोन गोष्टी केल्या. मॉनिटरचा ब्राइटनेस खूप उतरवला, कंट्रोल पॅनेलमधल्या अ‍ॅडोबी गॅमाने मधला करडा बसवला, खिडकीला जाड पडदा. मॉनिटर सुरू केल्यावर अर्धा तास रंगाला हात लावायचा नाही, काच तापेपर्यंत रंग सरकतो. दुसरी गोष्ट डार्करूममधलीच. पूर्वी कागदाची पट्टी कापून त्यावर दोन, चार, सहा, आठ सेकंद असा उजेड देऊन बघायचो. तशीच एक फाइल केली: एकच चेहरा पाच वेळा, गडद ते उजळ, प्रत्येकाखाली आकडा. शेजारी तोच चेहरा थोडा पिवळा, थोडा लाल. ६ x ८ ची एक कॉपी काढून आणली आणि मॉनिटरशेजारी लावली. तिसरा चेहरा कागदावर बरोबर आहे, तर मॉनिटरवरचाही तिसराच बरोबर दिसला पाहिजे. आता फरक डोळ्यात मावेल इतका उरलाय. कॅलिब्रेशनचं यंत्र मिळतं म्हणे, पण या सीझनला तरी पट्टीच.

१० जुलै

पाऊस. लेन्सच्या डब्यात सिलिका जेल बदलली.

पासपोर्ट फोटोचं काम मात्र बसलं. ३६ चा रोल भरेपर्यंत लोकांना थांबवायचो, नाहीतर अर्धा रोल वाया घालवायचा. आता फोटो, कापणी, आठ प्रती ४ x ६ वर मांडणी, हे सगळं एका अ‍ॅक्शनमध्ये रेकॉर्ड केलंय, एफ-२ दाबलं की पान तयार. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस असल्यानं गर्दी आहे. कॅमेऱ्याचे पैसे लग्नांआधी यातूनच सुटायला लागलेत, हे ध्यानात आलं नव्हतं.

एक स्थळाचा फोटो झाला. पोस्टकार्ड साइज, मुलगी साडीत, सोबत आई. आई म्हणाल्या, "भाऊ, जरा उजळ करा हं." पूर्वीही सांगायचे, आणि आम्ही कॉपी अर्धा स्टॉप हलकी काढायचो, त्यात सगळंच हलकं व्हायचं, साडीसुद्धा, त्यामुळं त्या खोटेपणाला मर्यादा होती. आता नुसता चेहरा निवडून हवा तो रंग देता येतो आणि गळा, हात वेगळेच राहतात. मी म्हटलं, उजेड चांगला देऊन परत काढतो, रंग बदलणार नाही. खिडकीजवळ बसवलं, पांढरा थर्माकोल खालून धरला. फोटो छान आला, सावळी आणि तरतरीत. आईंनी तो बघितला, आणि तरी हलकी कॉपीच मागितली. मुलगी काही बोलली नाही. दोन्ही दिल्या, पैसे एकीचेच घेतले. बायोडाटाला कुठली लागली असेल ते सांगायला नको.

१९ ऑगस्ट

आप्पांना दुकानात आणलं. तालुक्यातल्या जुन्या स्टुडिओत त्यांनी उमेद होती तोवर निगेटिव्ह टचिंग केलं. मला हीलिंग ब्रशनं चेहरे साफ करायला जमत होतं, पण निकाल प्लॅस्टिकचा येत होता. माणूस ओळखू येतो, पण झोपेतून उठल्यासारखा गुळगुळीत.

आप्पांनी आधी त्यांची रीत सांगितली. निगेटिव्ह काचेवर, मागून उजेड, तिच्यावर मीडियमचा थेंब चोळायचा म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल कडक, टोक सॅंडपेपरवर सुईसारखं लांब केलेलं. सुरकुती कॉपीत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पातळ, पारदर्शक रेघ. त्या रेघेत स्वल्पविरामाएवढ्या खुणा भरत जायचं, शेजारच्या भागाइतकी दाट झाली की थांबायचं.

"अहो आप्पा, पण पूर्ण बुजवायची का?"

"छे! निम्मी. डोळ्याखालची निम्मी आणि नाकाजवळची पाव. हसल्यावर पडते ती घडी पुरती बुजवलीस तर माणूस हसत नाही, दात दाखवतो."

मग मी मॉनिटरवर केलं. फोटोवर नवीन रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेतला, ब्रशला सगळ्या लेयर्समधून नमुना घ्यायला लावलं आणि सुरकुत्या त्या वरच्या लेयरवर पूर्ण बुजवल्या. मग लेयरची ऑपॅसिटी, म्हणजे दाटपणा, खाली आणत गेलो. पन्नासला आप्पा म्हणाले, थांब. फोड, कापल्याची खूण, दाढी करताना लागलेलं, हे वेगळ्या लेयरवर शंभर टक्के काढायचं, कारण ते आठवड्याभरात जाणारच असतं. तीळ आणि देवीचे व्रण यांना हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय.

आप्पांना माउस धरता आला नाही. पण दोन तास मागं बसून त्यांनी माझी रेघ न रेघ तपासली, आणि जाताना केलेलं मागे घेणाऱ्या कंट्रोल झेडबद्दल म्हणाले, "हे आम्हाला असतं तर चष्मा लागला नसता."

२६ सप्टेंबर

काल विसर्जन. आयएसओ १६०० वर, हॅलोजनच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. रोलवर ४०० च्या पुढे जायची हिंमत होत नव्हती. दाणे आहेत, पण मिरवणुकीला शोभतात. गुलाल असल्यानं लेन्स बदलली नाही. सेन्सरवर कण बसला तर प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग. गुलाल माखलेले चेहरे मात्र सपाट आलेत, नुसता गुलाबी ठप्पा. कारण शोधायचंय.

२८ नोव्हेंबर

कारण सापडलं, हळदीत.

काल सीझनचं पहिलं लग्न, परवा हळद. खबरदारी म्हणून एक रोलचा कॅमेराही गळ्यात होता. मांडव पिवळ्या कापडाचा, उन्हात सगळ्यांवर पिवळी झाक, त्यात हळद, झेंडू, पिवळी साडी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकूण उजेडाचा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे पांढरा दाखवणारा आलेख, एवढाच बघितला; तो अगदी मधे, उजवीकडे जागा मोकळी. निर्धास्त मारत गेलो.

रात्री कॅमेरा रॉमध्ये उघडलं तर तिथं तीन रंगांच्या तीन टेकड्या. लाल उजव्या भिंतीला चिकटलेला, निळा डाव्या भिंतीला. हिरवा तेवढा मधे, आणि एकूण उजेडाचा आकडा मुख्यत्वे हिरव्यावरून ठरतो म्हणून कॅमेरा सगळं ठीक म्हणत होता. हळद लावलेल्या गालावर लाल संपला की गालाचा गोलवाच जातो, बोटांचे ओरखडेही दिसत नाहीत. गुलालाचं हेच झालं होतं. रॉ असल्यानं वाचलो: एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, सॅच्युरेशन थोडं कमी, व्हाइट बॅलन्स निळ्याकडे, तेव्हा गालावर हाताचा ठसा परत उमटला. नवरीच्या आत्याच्या गालावर हळदीची उमटलेली चारही बोटं आता स्पष्ट दिसतायत. यापुढं हळदीला कायम दोन-तृतीयांश स्टॉप कमी, आणि पहिल्या फ्रेममध्ये करडा पुठ्ठा मांडवाखाली धरून घ्यायचा. त्यावर क्लिक केलं की कापडाची झाक सगळ्या फोटोंतून एकदम निघते. पूर्ण काढायची नाही, पिवळ्या मांडवात माणसं थोडी पिवळी दिसायलाच हवीत.

रोलच्या कॉप्याही आल्या. हळदीचा रंग त्यांत अजून उजवा आहे, हे लिहून ठेवलं पाहिजे. निगेटिव्ह भडकपणा सहज गिळते. पण रात्रीच्या वरातीचे रोलवरचे फोटो बघवत नाहीत.

१२ डिसेंबर

करिझ्माच्या शीट चालू आहेत. १२ x ३६ इंच, तीनशे डीपीआय म्हणजे १०८०० x ३६०० पिक्सेल. नुसती कोरी शीट शंभर एमबीच्या वर, चार फोटो टाकले की मशीन धापा टाकतं. फोटो ३८७२ पिक्सेल रुंद, तो एकटा छत्तीस इंचांवर ताणला तर इंचाला शंभरच्या आसपासच पिक्सेल पडतात. म्हणून पूर्ण शीटभर फोटो टाकायचाच तर लांबचा, मांडवाचा, चेहऱ्याचा नाही.

डीटीपीच्या पोरानं तयार बॅकग्राउंडची डीव्हीडी दिलीय. गुलाब, धबधबे, बर्फाचे डोंगर, ताजमहाल. वाईच्या नवऱ्या-नवरीला बर्फात उभं करायची मला हौस नाही. नवरीकडच्यांनी एक शीट धबधब्याची मागितली, दिली. बाकी साधा करडा आणि मरून.

२३ डिसेंबर

अल्बम दिला. नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं, "निगेटिव्ह कुठायत?" पूर्वी पाकीट सोबत द्यायचो. आता काय द्यायचं, यावर दोन दिवस घातले होते: निवडलेले, दुरुस्त केलेले फोटो डीव्हीडीवर त्यांना, रॉ माझ्याकडं, एक हार्ड डिस्कवर आणि एक डीव्हीडीच्या जोडीवर, जोडी घरी आणि डिस्क दुकानात. एका लग्नाच्या रॉ फाइल एका डीव्हीडीत मावत नाहीत. डीव्हीडीवर बॉलपेननं लिहायचं नाही, मार्करनं आतल्या कड्यावर. दर दोन वर्षांनी नवीन प्रत, असं वहीत लिहिलंय.

मग पैशांवर आलं. त्यांचा हिशोब सरळ होता: रोल लागला नाही, धुलाई लागली नाही, मग दर कमी करा. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. हळदीचा एक फोटो कॅमेऱ्यातून आला तसा, आणि केल्यावर. आणि सांगितलं की पूर्वी पाच रोल म्हणजे पावणेदोनशे फोटो यायचे, आता सहाशे येतात, ते निवडायचे आणि एकेक असा करायचा, ही पूर्वी लॅबमधल्या माणसाची मजुरी होती, ती तुम्ही कॉपीच्या दरात देतच होता. ते बराच वेळ आत्याच्या गालाकडं बघत बसले. "ते ठीक आहे, पण धबधबा फुकट होता ना?" म्हणाले. धबधबा सोडला, बाकीचं घेतलं.

बिलबुकात आजपासून वेगळी ओळ: निवड व रंगदुरुस्ती. दर अजून पक्का नाही. माघातली दोन लग्नं घेतलीत. तोवर रॅम दोन जीबी करायचीय, आणि आप्पांना एकदा त्या शीट दाखवायच्यात.